वाचून दाखवले, कबूल आहे

सिल्वासात येऊन मला आठ दिवसही झाले नसतील. आमच्या घरमालकीणबाईंनी माझ्या खोलीतल्या सोबत्याला बाजूला बोलावून विचारले, "गुरुजी, त्या नव्या माणसाशी तुमचं रोज कशावरून वाजतं?"

सोबती मराठी शाळेत मास्तर होता, मूळचा कोकणातला. तो हसत खोलीत आला आणि म्हणाला, "मेल्या, काल जेवताना तू काय म्हणालास?"

"भाजीला मीठ कमी आहे म्हणालो."

"ते तीन घरांनी ऐकलं. त्यांना वाटलं तू माझ्या अंगावर धावून आलास. जरा हळू म्हण की. ओरडल्याने मीठ वाढतं होय?"

मीही हसलो. पण त्या दिवशी ती गोष्ट मी हसण्यावारी नेली, याचे मला पुढे फार वाईट वाटले.

माझे वडील खानदेशातल्या आमच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रावर, रेच्यावर, काम करायचे. रेचे सुरू असले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्याही कानाशी तोंड नेऊन ओरडावे लागे. पंधरा-वीस वर्षांत त्यांचे कान गेले आणि घरातही तोच आवाज येऊन राहिला. आई चुलीपासून ओरडायची, आम्ही भावंडे ओसरीवरून. त्यात राग मुळीच नसे. 'जेवायला या' हेसुद्धा आमच्याकडे गल्लीला ऐकू जाईल असे सांगत. वडिलांना खरेच राग आला की ते गप्प होत. मग एखादा शब्द अगदी हळू बोलत, आणि तेवढ्याने आम्ही चळचळा कापत असू.

शाळेत तर या आवाजाचे कौतुकच झाले. आमचे मराठीचे शिक्षक धडा वाचायला मलाच उभे करीत. "आवाज पोटातून काढ. मागच्या भिंतीला लागून परत आला पाहिजे," ते म्हणत. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात घाला, हे वडिलांच्या कानाशी ओरडून सांगायला तेच आमच्या घरी आले होते. त्यांच्यामुळे मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. त्यांनी मला ज्या दोन गोष्टी दिल्या, त्यांतली एक अक्षर आणि दुसरी आवाज, असे मी मानत आलो होतो.

सिल्वासाच्या कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली, ती साठीच्या दशकाच्या मध्यावर. नेमणूक एक वर्षाची. वर्षाच्या शेवटी साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम. वडील लिहिणाऱ्याला शोधून मला महिन्याला एक पत्र धाडत आणि त्याच्या शेवटी एकच प्रश्न असे, कायम झालास का.

पोर्तुगीजांचे राज्य जाऊन दहाएक वर्षे झाली होती, पण कचेरीत जुनी दप्तरे त्यांच्याच भाषेतली होती. ती उघडायला कोणी सहसा जात नसे. नवे अर्ज गुजरातीत नाही तर मराठीत येत, आणि आपापसात आम्ही जे बोलत असू त्यात हिंदीही मिसळलेली असे. मामलेदार मुंबईचे होते. आम्ही त्यांना रावसाहेब म्हणायचो. इतक्या हळू बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, "पदवीधर आहात. छान." मला वाटले, काहीतरी बिनसले. दिवसभर मी माझे काय चुकले ते शोधत होतो.

लोकांना मात्र ते फार आवडत. खेड्यातून आलेल्या माणसाला ते म्हणत, "बस बाबा. पाणी पी. बघतो मी." माणूस हात जोडून बाहेर पडे आणि पायरीवरच्या दुसऱ्याला सांगे, साहेब देवमाणूस आहे. तीनतीन वेळा येऊन गेलेल्यांनाही मी हेच सांगताना ऐकले आहे.

तिसऱ्या महिन्यात रावसाहेबांनी मला आत बोलावले. "अहो, एक विचारू? तुम्ही माझ्याशी बोलता तेव्हा मला वाटतं, मी तुमचं काहीतरी घेतलंय आणि देत नाही."

"नाही साहेब, माझा आवाजच असा आहे."

"हे बघा. आत्तासुद्धा."

त्या काळात गावोगावच्या जमिनींची चौकशी चालू होती. कोणत्या शेतात कोण राबतो आणि कोणत्या नात्याने राबतो, त्याचा जबाब घ्यायचा, त्यावरून कसणारा म्हणून कोणाचे नाव लावायचे ते मामलेदार ठरवणार. जबाब लिहायचे काम आम्हा तिघा कारकुनांकडे होते. माणसाला विचारायचे, तो सांगेल ते लिहायचे, लिहिलेले त्याला वाचून दाखवायचे, आणि खाली ठरलेली ओळ घालायची: 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे, कबूल आहे.' तिच्याखाली अंगठा.

बाकीचे दोघे वाचून दाखवण्याच्या फंदात पडत नसत. "त्याला काय कळणार," असे म्हणून ते थेट शाईची डबी पुढे करीत. मी तसे कधीच केले नाही. प्रत्येक जबाब मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. उभा राहून, शाळेत वाचायचो तसा. शेवटी विचारायचो, "कबूल आहे?" आणि समोरचा म्हणायचा, "होय." तीन महिन्यांत एकानेही नाही म्हटले नाही. माझ्या जबाबांत खाडाखोड नसे, तक्रार नसे. माझ्यापुढे कोणी हुज्जत घालत नसे, त्यामुळे इतर दोघांच्या दुप्पट कागद माझ्या टेबलावरून पुढे जात. मी गावी शिक्षकांना पत्र लिहून कळवले, की तुम्ही शिकवलेले वाचन इथे उपयोगी पडते आहे.

रांधा गावचा एक म्हातारा वारली त्या दिवसांत आला होता. बरोबर बायको होती, पण ज्याचा पुकारा होईल त्यालाच पट्टेवाला आत सोडी. बाई बाहेर चिंचेखाली बसली. म्हातारा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. काटकुळा, कमरेला लंगोटी, खांद्यावर फडके. बस म्हटले तरी तो बसला नाही.

"मालकाकडं गडी म्हणून जातोस?" मी विचारले.

"होय."

"गवत कापायला?"

"होय."

"नाल्याकाठचं भाताचं शेत तूच करतोस?"

"होय."

"म्हणजे तेही मालकाचंच. तू त्याचा गडी म्हणून करतोस."

त्याने कागदाकडे पाहिले, दारातल्या पट्टेवाल्याकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे. "होय," तो म्हणाला.

मी लिहिले, उभा राहून वाचले. "कबूल आहे?"

"होय साहेब. होय."

दोनदा होय म्हणाला. मला वाटले, माणसाचे समाधान झाले.

पावसाळा सरला आणि ऊन तापायला लागले, तेव्हा मला ताप आला. ताप दोन दिवसांत उतरला, पण घसा असा बसला की तोंडातून नुसती हवा निघे. मास्तर मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावी आणि म्हणे, "बोलू नकोस. गल्लीला चार दिवस सुटी."

कचेरीत जाणे भाग होते. मी नुसता बसून जुने जबाब गावांप्रमाणे लावत होतो, तेवढ्यात रांध्याच्या त्या म्हाताऱ्याची बायको आत आली. पट्टेवाला चहाला गेला होता. ती सरळ माझ्या टेबलापाशी आली. मी हाताने बाकाकडे दाखवले. ती बसली, माझ्याकडे टक लावून पाहिले आणि म्हणाली, "तुला काय झालं?"

त्या लोकांत लहानमोठ्या सगळ्यांना तू म्हणायची रीत. मी घशाला हात लावला.

"अडुळशाचा पाला उकळून घे. घरी कोण नाय का तुला?" ती म्हणाली. मग जरा पुढे वाकली. "त्या दिवशी म्हाताऱ्याला वरडत होता तो तूच ना?"

मी मान हलवली. वरडत नव्हतो, असे सांगायचे होते, पण आवाज नव्हता.

"मला चिंचेखाली ऐकू येत होतं. मी बोलली, मारतो का काय आता. मग? कागद कवा देणार शेताचा?"

मी कुजबुजत विचारले, नवऱ्याने तुला काय सांगितले?

"तो काय सांगणार. बोलला, झालं सगळं, मी होय होय बोललो, सोडला मला."

मग मी कुजबुजत एकेक विचारत गेलो आणि ती सांगत गेली. मधे थांबवायला माझ्याकडे आवाज नव्हता, म्हणून ती थांबली नाही. नाल्याकाठी आधी नुसते दगड आणि करवंदीची जाळी होती. सासऱ्याने ती तोडली. सासू पोटुशी असताना दगड वाहायची. बांध तिने स्वतः, लग्न होऊन आली त्या साली, नवऱ्याबरोबर घातला. वरच्या माळावरचे गवत मालकाचे, ते कापायला म्हातारा मजुरीने जातो. "गवत मालकाचं, भात आमचं. पोराला विचार रांध्यात, तो पण सांगल."

"मग तो होय का म्हणाला?"

"तू वरडत होतास ना." पाऊस पडत होता म्हणून घरात बसलो, असे सांगावे तसे तिने सांगितले. "वरडणाऱ्याला नाय बोललं तर आणखी वरडतो. होय बोललं का सोडतो."

ती अडुळशाचे पुन्हा एकदा सांगून निघून गेली. तिच्या कागदाचे काय झाले आहे, ते मी तिला सांगितले नाही.

मी समोरचा गठ्ठा उचलला. रांध्याचे जबाब, त्याच्या पुढच्या गावाचे, त्याच्या पुढच्या. सगळ्यांत तेच. मी मालकाचा गडी म्हणून काम करतो. जमिनीवर माझा हक्क नाही. वाचून दाखवले, कबूल आहे. सगळ्या गावांची उत्तरे इतकी सारखी आली, याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता.

त्यानंतरचे चार दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. जेवताना उठायचो. पुन्हा पुन्हा तोंडे आठवून पाहायचो. कोण कसा म्हणाला होता होय? लगेच म्हणाला की थांबून? एकाचेही धड आठवेना. आठवत होता तो फक्त माझा आवाज, मागच्या भिंतीला लागून परत येणारा.

संध्याकाळी दमणगंगेकडे फिरायला जाताना मी मास्तरला सगळे सांगितले. घसा थोडा सुटला होता.

"वर्गात मी विचारतो, कळलं का? सगळे म्हणतात, हो गुरुजी. मग पाट्या बघतो तर कोऱ्या," तो म्हणाला. "मी तर ओरडतही नाही. खुर्चीत बसलो एवढं पुरतं."

"मग मी काय करू?"

"आधी कायम हो. दोन महिने राहिलेत तुझे. मग काय ते कर."

"म्हाताऱ्याची सुनावणी पंधरा दिवसांवर आहे."

"तरी पण. तू रावसाहेबांना सांगायला जाशील आणि तुझ्या त्या आवाजात सांगशील. त्यांना वाटेल, चूक तू केलीस आणि दम त्यांना देतोयस."

झालेही तसेच. दुसऱ्या दिवशी मी रावसाहेबांसमोर उभा राहिलो. हळू बोलायचे ठरवून गेलो होतो, पण पहिल्याच वाक्याला बाहेरच्या टेबलांवरची माणसे वर पाहू लागली. रावसाहेबांनी हाताने दार लोटून घ्यायला सांगितले.

"तुम्ही मला कळवताय, की जाब विचारताय?" ते म्हणाले.

"चूक माझी आहे साहेब. माझ्या आवाजाला घाबरून त्यांनी होय म्हटलं. रांध्याचे जबाब मला पुन्हा घेऊ द्या."

"आवाजाला घाबरून." त्यांनी ते दोन शब्द फार हळू उच्चारले. "हे कागदावर कसं लिहायचं? वरच्या साहेबांपुढे मी हे ठेवू?"

मी अजून दारापाशीच उभा होतो.

"बसा. पाणी घ्या." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "म्हाताऱ्याचा एक जबाब पुन्हा घ्या. त्याच्या घरून तक्रार आली आहे असं धरू. बाकीच्यांची तक्रार नाही. आणि हा तुमचा खुलासा, मी सांगतो तसं लिहा. जबाब देणारे अशिक्षित असल्यामुळे प्रश्न समजण्यात त्यांचा गोंधळ झाला असावा. लिहिलंत? वाचा."

मी वाचले.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारले. इतक्या मायेने विचारले की तसे माझ्याशी त्या गावात कोणी बोलले नव्हते. आणि घरी वडील खरेच रागावले की असेच हळू बोलत.

"होय साहेब," मी म्हणालो आणि सही केली.

रविवारी मी सायकलने रांध्याला गेलो. म्हातारा कुडाच्या भिंतीला टेकून दोर वळत होता. मला पाहून उठून उभा राहिला. मी सगळ्या वाटेत हळू बोलण्याचा सराव करीत गेलो होतो. रावसाहेबांसारखे म्हणालो, "बस बाबा. घाबरू नकोस. शेत कोणाचं, ते मला नीट सांग."

त्याचा चेहरा आणखीच उतरला. तो बायकोला काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"बोलतो, मालकाचा दिवाणजी असाच गोड बोलतो, काय पायजे असलं का."

ओरडलो तर होय, गोड बोललो तर होय. मी कागद मांडीवर घेऊन भिंतीला पाठ लावून बसलो. बाई आतून नागलीची भाकर घेऊन आली आणि नवऱ्यावर खेकसली, "म्हाताऱ्या, तोंडात काय गूळ धरलाय? शेत कोणाचं ते सांग ना त्याला."

"सांगितलं ना कचेरीत."

"काय सांगितलंस?"

"होय बोललो."

"कशाला होय?"

"मला काय ठावं कशाला. तो बोलला, मी बोललो."

तिचा आवाज माझ्या आईसारखा होता. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या, हसायला लागल्या. पण म्हातारा तिला मुळीच भीत नव्हता. उलट मान वर करून भांडत होता. मला मार्ग दिसला. मी तिला म्हणालो, "मी विचारत नाही. तू विचार."

मग मी तिला एक वाक्य सांगायचो, ती ते आपल्या बोलीत नवऱ्यावर टाकायची आणि तो उत्तर द्यायचा. बांध तिने घातला असे मी लिहिले, तेव्हा तो चिडला. "नाय. हिने अर्धा घातला. नाल्याकडचा माझा हाय."

"तुझा तो दर साली फुटतो," ती म्हणाली.

"फुटला तर मीच बांधतो ना."

माझ्या कागदावर पहिल्यांदा खाडाखोड झाली. तीन ठिकाणी. शेवटची ओळ लिहून मी विचारले, तिनेच विचारले म्हणा, आणि त्याने अंगठा दिला. देताना तो कागदाकडे पाहत होता.

सुनावणीच्या दिवशी मालकातर्फे दिवाणजी आला होता. पांढरे धोतर, हातात छत्री. त्याने मलाही मोठ्या अदबीने नमस्कार केला. म्हाताऱ्याला आत उभे केले. बाई पट्टेवाल्याने बाहेर ठेवली, ती चिंचेखाली गेली. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहायला बसलो होतो. मधे बोलायचे नाही, अशी मला रावसाहेबांची ताकीद होती.

रावसाहेबांनी पहिला जबाब वाचला. आवाज नेहमीचाच, शांत. "हे तू सांगितलंस ना बाबा? अंगठा तुझाच?"

"होय," म्हातारा म्हणाला.

दिवाणजीने मान हलवली.

रावसाहेबांनी दुसरा जबाब घेतला. त्याची खाडाखोड पाहून भुवई वर केली आणि वाचला. शेत माझे, बापाने मोडून काढले, मालकाचे फक्त गवत कापतो. "आणि हेही तूच सांगितलंस?"

"होय."

"दोन्ही कसं खरं असेल? पहिलं खरं की नाही?"

"होय, साहेब."

"झालं तर मग," दिवाणजी मऊ आवाजात म्हणाला. "बिचारा घरच्यांच्या सांगण्यावरून काहीबाही बोलला असेल."

रावसाहेबांनी टाक उचलला. तो शाईत बुडेपर्यंत किती वेळ गेला असेल? माझ्या डोक्यात एकाच वेळी सगळे आले: वडिलांचे पत्र, शेऱ्याची जागा, नाल्याकडचा दर साली फुटणारा बांध. मी उठलो. खिडकीपाशी गेलो आणि जिनिंगमध्ये वडिलांना डबा द्यायला गेल्यावर हाक मारायचो तशी हाक मारली, "बाई, आत ये. म्हाताऱ्याला विचारायला ये."

सगळी कचेरी थांबली. पट्टेवाल्याला वाटले हुकूम साहेबांचाच आहे. त्याने तिला आत सोडले. रावसाहेब माझ्याकडे पाहत होते. त्यांनी काही म्हणायच्या आत ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली होती.

"काय बोललास रे?"

"होय बोललो."

"परत होय? नाल्याकाठचं भात कोणाचं?"

"आपलं."

"मालकाचं नाय?"

"नाय. मालकाचं का असेल? माझ्या बापाने दगड काढले. मालक कवा नाल्यात उतरला?" त्याने दिवाणजीकडे बोट केले. "हा पण नाय उतरला. याचं धोतर भिजलं असतं."

बाहेरून कोणीतरी हसले. दिवाणजी छत्री चाचपू लागला.

रावसाहेबांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग बाईला म्हणाले, "तू त्याला विचार, गवताचं काय?" तिने विचारले, त्याने सांगितले. त्यांनी आणखी चार प्रश्न तिच्याकडूनच विचारून घेतले आणि सगळे आपल्या हाताने लिहिले. संध्याकाळी नाल्याकाठच्या शेताला कसणारा म्हणून म्हाताऱ्याचे नाव लागले.

जाताना बाई माझ्या टेबलापाशी थांबली. "घसा बरा झाला की."

"झाला."

"गुरं वळायला चांगला हाय आवाज," ती म्हणाली आणि नवऱ्याला पुढे घालून निघाली.

मला दोन महिन्यांनी कायम केले नाही. मुदत सहा महिने वाढवली. शेरा पाहायला मिळत नसे, पण पट्टेवाल्याने सांगितले की काम चांगले, वागणूक उद्धट असे आहे. माझी तक्रार नाही. कारण सहा महिन्यांनी कायम करण्याची शिफारसही रावसाहेबांनीच केली, हेही मला माहीत आहे. वडिलांना मी सहा महिने, कागद वर गेला आहे, एवढेच लिहीत राहिलो.

बाकीच्या जबाबांसाठी मी काही रविवार सायकलवर हिंडलो. दोन घरांत बोलक्या बाया भेटल्या. त्यांनी तक्रार दिली आणि तेवढे दोन जबाब पुन्हा घेतले गेले. इतर ठिकाणी माणसे मला पाहून उठून उभी राहिली आणि मी काही विचारायच्या आतच होय म्हणाली. गठ्ठा वर गेला. त्यांतले खरे किती, खोटे किती, मला सांगता येणार नाही. पुढे कित्येक वर्षे मी जबाब घेतले. वाचून झाल्यावर कबूल आहे का असे मी विचारत नसे. तूच मला परत सांग, असे म्हणत असे. वेळ फार जाई. माझ्या टेबलावरून सगळ्यांत कमी कागद पुढे जात.

त्या खुलाशाची एक नक्कल माझ्याकडे आहे. जबाब देणारे अशिक्षित असल्यामुळे प्रश्न समजण्यात त्यांचा गोंधळ झाला असावा. अक्षर माझेच, शिक्षकांनी घडवलेले. तो लिहिताना रावसाहेबांच्या खोलीत आम्ही दोघेच होतो, प्रश्न न समजलेला अशिक्षित कोणी नव्हता. सहीच्या आधी मला तो वाचायला लावला होता, आणि मी होय म्हटले होते.